फकीरप्पाने विचारलेला प्रश्न

फकीरप्पा अंगडी सवणगेरीच्या नगरसभेच्या बसवर कंडक्टर होता, आणि इतक्या वर्षांत त्याने एकाही उतारूला 'कुठे जायचं' असं विचारलं नाही. विचारायची गरजच पडली नाही. नगरसभेच्या बसला तिकीट एकच. स्टँडवर चढा आणि पुढच्या हनुमंताच्या देवळापाशी उतरा, नाहीतर थेट शेवटी तोटगेरीला जा, पैसे तेवढेच. कोणा जुन्या अध्यक्षांनी हिशेब सोपा व्हावा म्हणून हा नियम केला होता. हिशेब खरोखरच सोपा झाला, म्हणून पुढे त्याला कोणी हात लावला नाही.

फकीरप्पाच्या स्वभावाला हा नियम मानवला. तो उंच होता, आणि बसच्या टपाला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून वाकवून ती तशीच राहिली होती. त्यामुळे तो कायम कोणाचं तरी ऐकून घेतोय असं वाटायचं. आवाज बारीक. बसमध्ये कोणी विडी पेटवली तर तो काही बोलत नसे, नुसता त्याच्या शेजारी जाऊन उभा राही. विडी विझेपर्यंत उभा राही. एवढ्याने लोक ओशाळत.

घराबाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे निघालात' म्हणून विचारू नये, हे सवणगेरीत लहान पोरालाही कळतं. विचारलं की काम बिघडतं. विचारायचंच असेल तर भला माणूस 'दूर का?' म्हणतो, आणि निघालेला माणूस 'नाही, इथंच' म्हणतो. दोघांचंही समाधान होतं. फकीरप्पाचे वडील श्रीशैलला चालत गेले तेव्हा शेजाऱ्यांना 'इथंच जाऊन येतो' असं सांगून गेले आणि सव्वा महिन्याने आले. त्यांना कोणी खोटारडं म्हटलं नाही.

आई लवकर गेली. फकीरप्पाला त्याच्या थोरल्या बहिणीने, नीलव्वाने वाढवलं. पुढे तिचं लग्न तोटगेरीत झालं, नवरा गेला, मुलं झाली नाहीत. ती ज्वारीच्या भाकऱ्या थापून कोर्टासमोरच्या खानावळीत नेऊन द्यायची. पहाटे चूल, मग भाकऱ्यांची बुट्टी डोक्यावर, आणि तीन नंबरची पहिली बस. ड्रायव्हरच्या मागची सीट बुट्टीची, असं न सांगता ठरलेलं होतं. नीलव्वा स्वतः उभी राहायची. खानावळवाला दुसरीकडूनही भाकऱ्या घेऊ शकत होता, पण नीलव्वाच्या भाकऱ्या गरम पोचायच्या. त्या गरम पोचण्यावर तिचं घर चाललं होतं.

गुडघा गेला तेव्हा फकीरप्पाला बसवरून उतरवून नगरसभेत बसवलं. तिथे त्याला काम असं नव्हतं. तो सकाळी स्टुलावर बसायचा आणि संध्याकाळी उठायचा.

अशात बंगळूरहून एक बाई आल्या. विमला नंजुंडय्या त्यांचं नाव. नगरसभेच्या बस तोट्यात होत्या. कुठली लाईन चालवावी, कुठली आखडावी, कुठे फेऱ्या वाढवाव्यात हे बघून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. वय कमी, पण कामाला पक्क्या. त्यांची कन्नड म्हैसूरकडची, इतकी गोड की सवणगेरीच्या लोकांना सुरुवातीला त्या आपली थट्टा करताहेत असं वाटलं. त्यांची पहिलीच अडचण ही होती की तिकीट एकच असल्यामुळे कोण कुठे उतरतो हे नगरसभेत कोणालाही ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी ठरवलं, प्रत्येक स्टॉपवर माणूस उभा करायचा आणि उतारूंनाच विचारायचं.

त्यांनी सगळ्यांना बोलावून समजावलं. कागदावर प्रश्न छापलेला होता: कुठे निघालात? बसमध्ये चढायच्या आधीच विचारायचं, कारण आत गर्दीत लोक काहीतरी सांगून मोकळे होतात. आणि ते सांगतील तेच लिहायचं, आपल्या मनाने काही घालायचं नाही. फकीरप्पाने हात अर्धा वर केला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने त्या हाताने कान खाजवला.

तीन नंबरची माणसं त्याच्या ओळखीची, म्हणून त्याला तोटगेरीच्या स्टॉपवर उभं केलं. पहिल्या सकाळी आधी आला मोगऱ्याचा करंडा घेतलेला फुलवाला. फकीरप्पाने कागदाकडे पाहिलं, फुलवाल्याकडे पाहिलं. भर सकाळी, धंद्याला निघालेला माणूस.

"दूर का?" फकीरप्पाने विचारलं.

"नाही, इथंच."

फकीरप्पाने लिहिलं, इथंच. मग एक बाई आजारी सासऱ्याचा डबा घेऊन आली. तीही इथंच. कॉलेजच्या पोरी आल्या, कोर्टात तारीख असलेले दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून आले, सगळे इथंच. शेवटी नीलव्वा आली. ती कुठे जाते हे फकीरप्पाला स्वतःच्या नावाइतकं माहीत होतं. पण आपल्या मनाने काही घालायचं नव्हतं.

"दूर का, अक्का?"

"दूर कशाला जाऊ मी? इथंच."

त्याने तेही लिहिलं. अक्षर चांगलं होतं.

सगळे कागद बाईंकडे गेले. बाकीच्या लाईनींवर नगरसभेने कॉलेजची मुलं उभी केली होती. त्यांनी काय विचारलं आणि लोकांनी त्यांना काय सुनावलं ते वेगळं, पण त्यांच्या कागदांवर निदान ठिकाणांची नावं होती. तीन नंबरच्या कागदांवर सगळीकडे इथंच. बाईंनी त्याचा सरळ अर्थ घेतला. तोटगेरीचे लोक जवळच्या जवळ जातात, म्हणजे फार तर रेल्वे गेटपर्यंत. तरी त्या घाई करणाऱ्या नव्हत्या. खात्री करायला त्या स्वतः तीन नंबरमध्ये बसल्या. तो सोमवार होता. सोमवारी तोटगेरीत बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि बैल घरी असला की माणूसही घरी असतो. तोटगेरीहून येताना गेट ओलांडल्यावर बसमध्ये ड्रायव्हर दस्तगीर, कंडक्टर, बाई आणि एक म्हातारा एवढेच उरले. म्हातारा झोपलेला होता आणि त्याचा स्टॉप मागेच गेला होता.

बाईंनी लिहिलं की तोटगेरीहून येणारी तीन नंबरची बस पुढे बाजारात न आणता गेटापाशीच वळवावी आणि वाचलेलं डिझेल कॉलेजच्या लाईनीला द्यावं. कॉलेजची पोरं बसच्या दाराला लोंबकळत जायची, त्यामुळे यात कोणालाही वावगं दिसलं नाही. शुक्रवारी दुपारी नगरसभेची बैठक होती. त्यात शिक्का बसायचा एवढंच बाकी होतं.

बुधवारी दस्तगीरने ही बातमी नीलव्वाला सांगितली. ती बुट्टी घरी टाकून तशीच भावाकडे गेली. फकीरप्पा कट्ट्यावर गुडघ्याला तेल लावत बसला होता.

"तम्मा, बस गेटापर्यंतच जाणार म्हणे. ऐकलंस?"

फकीरप्पाने ऐकलं होतं.

"कोणी सांगितलं त्या बाईला, तोटगेरीचे लोक गेटापर्यंतच जातात म्हणून?"

फकीरप्पा तेल लावत राहिला.

"तूच होतास ना स्टॉपवर, कागद घेऊन?"

"मी विचारलं. तुम्ही इथंच म्हणालात."

"मग काय म्हणू? भर सकाळी डोक्यावर बुट्टी, आणि तोंडाने कोर्ट म्हणू?"

"म्हणून मीही तेच लिहिलं."

नीलव्वा कट्ट्यावर बसली. गेटापासून बाजार, बाजारापासून कोर्ट, एवढं अंतर बुट्टी डोक्यावर घेऊन चालायचं तिचं वय राहिलं नव्हतं. रिक्षा केली तर भाकऱ्या रिक्षावाल्यासाठीच थापल्यासारखं होणार होतं. आणि भाकऱ्या गार झाल्यावर खानावळवाला दुसरीकडे बघणार होता. हे सगळं तिने बोलून दाखवलं, पण मोठ्याने नाही. मोठ्याने बोलली असती तर फकीरप्पाला बरं वाटलं असतं.

फकीरप्पाची बायको गिरिजव्वा चहा घेऊन आली. तिने दोघांकडे पाहिलं.

"दोघंही भली माणसं," ती म्हणाली. "भलेपणात बस घालवली."

गुरुवारी फकीरप्पा विमलाबाईंपुढे जाऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. बाईंना वाटलं रजा हवी असेल. मग त्याने सांगितलं की तीन नंबरच्या कागदांवर जे इथंच आहे ते इथंच नाही.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही प्रश्न विचारलाच नाही?"

"विचारला. आमच्या पद्धतीने."

"तुमच्या पद्धतीने काय विचारलंत?"

"दूर का, असं."

"आणि त्यावर सगळे इथंच म्हणतात?"

"लंडनला निघालेला असला तरी."

बाई रागावल्या नाहीत. त्यांची आजीही असं काहीतरी म्हणायची, असं त्यांच्या तोंडून निघून गेलं. पण नुसत्या तुमच्या शब्दावर कागद बदलता येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. बैठक उद्या दुपारी. उद्या सकाळी पुन्हा तिथेच उभे राहा, छापलाय तसाच प्रश्न विचारा, मी पहिल्या बसने येते आणि स्वतः बघते. फकीरप्पाने विचारलं की हे संध्याकाळी, लोक परत येताना केलं तर. 'कुठून आलात' विचारायला कोणाची ना नसते. बाई म्हणाल्या, संध्याकाळपर्यंत शिक्का बसलेला असेल.

शुक्रवारी फकीरप्पाने आंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं आणि चहा न घेताच तोटगेरीला जाऊन उभा राहिला. लिंबाखाली स्टॉपचा दगडी ओटा होता. नीलव्वा बुट्टी शेजारी ठेवून आधीच बसली होती. ती भावाशी बोलली नाही.

पहिला आला कल्लप्पा. इस्त्रीचं धोतर, खांद्यावर नवा टॉवेल, हातातल्या पिशवीत नारळ, वर विड्याची पानं डोकावताहेत. बरोबर मेहुणा. कल्लप्पाच्या थोरल्या मुलाचं कुठेच जमत नव्हतं आणि आता गदगकडून एक स्थळ आलं होतं, हे अख्ख्या तोटगेरीला ठाऊक होतं. फकीरप्पालाही होतं. त्याने मनात म्हटलं की पहिला दुसरा कोणी आला असता तर बरं झालं असतं.

"कल्लण्णा," तो म्हणाला, "कुठे निघालात?"

मेहुण्याने आधी फकीरप्पाकडे आणि मग आभाळाकडे पाहिलं. कल्लप्पा रागावला नाही. मारकुटा नसलेला बैल अचानक शिंग उगारतो तेव्हा माणूस जसा पाहतो तसा तो पाहत राहिला.

"फकीरप्पा, बरं आहे ना तुला?"

"बरं आहे. कुठे निघालात?"

दुसऱ्यांदा विचारल्यावर काही उरलंच नाही. कल्लप्पाने टॉवेल खांद्यावरून काढून घडी केला, मेहुण्याला खुणावलं आणि दोघे घराकडे वळले. असं कोणी विचारलं तर परत जायचं, चपला काढायच्या, घटकाभर बसायचं, पाणी प्यायचं आणि नव्याने निघायचं. म्हणजे आधीचं निघणं निघणं राहत नाही.

फकीरप्पाने फुलवाल्याला विचारलं. फुलवाल्याने उतरवलेला करंडा पुन्हा डोक्यावर घेतला आणि गेला. डबेवाल्या बाईचा सासरा आदल्या दिवशीच जरा सुधारला होता. ती म्हणाली, "अण्णा, तुम्हीसुद्धा?" आणि गेली. एका पोरीची परीक्षा होती. पोर उत्तर द्यायला तोंड उघडत होती तेवढ्यात तिच्या आईने तिचा दंड धरला आणि तिला ओढतच नेलं. कोर्टातले दोघे भाऊ एकाच वेळी वळले आणि बऱ्याच महिन्यांनी एकमेकांशी बोलत घरी गेले. मागून येणाऱ्यांना पुढचे परतताना दिसले. काय झालं ते त्यांना कळलं आणि ते कोपऱ्यावरूनच माघारी फिरले.

बस आली तेव्हा स्टॉपवर कोरा कागद घेतलेला फकीरप्पा आणि ओट्यावर बसलेली नीलव्वा एवढेच होते.

दस्तगीरने खिडकीतून डोकं काढलं. "काय झालं अण्णा? कोण गेलं?"

विमलाबाई खाली उतरल्या. त्यांनी रिकामा ओटा पाहिला, रिकामा रस्ता पाहिला.

"लोक कुठे आहेत?"

"पाणी प्यायला गेलेत," फकीरप्पा म्हणाला.

"सगळे?"

"सगळे."

बाईंच्या तोंडावर काही उमटलं नाही, पण त्यांनी घड्याळ पाहिलं आणि फकीरप्पाला कळलं की बस हातची गेली. मोकळ्या डोळ्यांनी बघायला आलेल्या माणसाला त्याने मोकळा स्टॉप दाखवला होता. दस्तगीर इंजिन चालू ठेवून वाट बघत होता. नीलव्वा उठली, तिने चुंबळ डोक्यावर ठेवली. बुट्टी उचलायला हात लावायचा म्हणून फकीरप्पा पुढे झाला आणि थांबला. एवढी एकच व्यक्ती राहिली होती.

"अक्का," तो म्हणाला. ज्या बाईने त्याला चालायला शिकवलं तिला विचारायचं होतं. "अक्का, कुठे निघालीस?"

नीलव्वाने घराच्या वाटेकडे पाहिलं. ती परत गेली असती तर कोणी दोष दिला नसता. पण पाणी पिऊन येईपर्यंत भाकऱ्या गार झाल्या असत्या.

"कोर्टासमोरच्या खानावळीत," ती म्हणाली. "भाकऱ्या द्यायला. रोज जाते. उद्याही जाईन, बस असली तर." मग ती बाईंकडे वळली. "लिहा बाई. माझ्या भावाला लिहिता येतं, पण त्याचा आज हात चालायचा नाही. आणि आता जे लोक पाण्याला गेलेत ना, ते येतील. एकेकाच्या घरात जाऊन विचारलंत तरी सांगतील, परत आल्यावर. निघताना नाही सांगणार. मेले तरी नाही."

फकीरप्पाने बुट्टी उचलून दिली. दस्तगीरने ती आपल्या मागच्या सीटवर ठेवून घेतली. कंडक्टर 'रैट' म्हणाला आणि बस एकट्या नीलव्वाला घेऊन गेली.

विमलाबाई गेल्या नाहीत. त्या ओट्यावर बसल्या आणि त्यांनी फकीरप्पाला कागद खिशात घालायला सांगितलं. आता कोणालाही काही विचारू नका, शक्य असेल तर तिकडे लिंबामागे उभे राहा, असंही म्हणाल्या. फकीरप्पा लिंबामागे उभा राहिला. तो उंच असल्यामुळे दिसतच होता, पण त्याची पाठ वळलेली होती, तेवढं लोकांनी चालवून घेतलं.

लोक आले. या वेळी सगळे एकदमच आले, तोंडं धुतलेले, काहींच्या ओठाला गूळ लागलेला. आधी यायचे ते आणि नंतर यायचे ते असा दोन फेऱ्यांचा जमाव एका ओट्यावर झाला. दुसरी बस आली तेव्हा बाईंना चढायला जागा मिळायची मारामार झाली. त्या दारातच उभ्या राहिल्या. गेट आलं. कोणी उतरलं नाही. बाजारात करंडे उतरले. दवाखान्याला डबा उतरला, कोर्टाला दोघे भाऊ, कॉलेजला पोरी. कल्लप्पा नारळ पोटाशी धरून थेट स्टँडपर्यंत गेला आणि गदगच्या गाडीकडे धावला. बाईंनी ना काही विचारलं ना लिहिलं. त्या नुसत्या बघत होत्या.

दुपारच्या बैठकीत त्यांनी सांगितलं की तीन नंबर तोटगेरी ते स्टँड अशी पूर्णच राहिली पाहिजे, आणि सकाळच्या दोन बसच्या मध्ये आणखी एक फेरी हवी. अध्यक्षांनी विचारलं की कालपर्यंत तर आखडायची होती. बाई म्हणाल्या, काल मी कागद वाचले होते, आज मी बसले होते. कॉलेजच्या लाईनीचं काय, असं एका सभासदाने विचारलं, तेव्हा तिच्या दुपारच्या रिकाम्या फेऱ्या सकाळी आणा, असं त्या म्हणाल्या. शिक्का बसला. जास्तीची फेरी वर्षभर चालवून बघायची ठरली.

संध्याकाळी फकीरप्पा हे सांगायला नीलव्वाकडे गेला. तिच्या पडवीत माणसं होती. कल्लप्पा इस्त्री मोडलेल्या धोतराने मध्ये बसला होता. मुलीकडच्यांनी 'कळवतो' असं सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. आता तो घरोघर जाऊन कोणाचं काय बिघडलं ते विचारत होता. परीक्षावालीला पेपर अवघड गेला होता. फुलवाल्याचा मोगरा नेहमीच्या भावाने गेला, पण त्याच्या मते तो चढ्या भावाने जायला हवा होता. कोर्टातल्या भावांना पुढची तारीख मिळाली होती. ती दर वेळी मिळायची, पण आज ती धरायची असं ठरलं.

बस राहिली, आणि एक फेरी वाढली, हे फकीरप्पाने उंबऱ्याशी उभं राहूनच सांगितलं.

"बस राहिली," कल्लप्पा म्हणाला, "सोयरीक गेली."

नीलव्वा भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा पाय पुढे पसरलेला होता आणि घोटा चांगलाच सुजला होता. दस्तगीरने फकीरप्पाला स्टँडवरच सांगितलं होतं की खानावळीच्या पायरीवर अक्काचा पाय मुरगळला. भाकऱ्या सांडल्या नाहीत, बुट्टी तिने सोडली नाही, म्हणूनच पडली.

कल्लप्पाची नजर पायावर गेली. त्याचा चेहरा उजळला असं म्हणणं बरं नाही, पण तो सरसावून बसला. विचारल्यावर घरी न परतलेली, पाणी न प्यायलेली अशी एकटी नीलव्वाच होती. तिचा पाय म्हणजे सगळ्यांत पक्की साक्ष.

"आणि हे, नीलक्का? हे कधी झालं?"

"हे? हे काल," नीलव्वा म्हणाली. "तिन्हीसांजेला, जात्यापाशी."

"सकाळी तर बरी चालत होतीस."

"चालत कुठे होते? ओट्यावर बसले होते."

कल्लप्पाने फकीरप्पाकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. सकाळी ती बसपर्यंत कशी चालली हे पाहिलेला त्या जमलेल्यांत तो एकटाच होता, आणि तो सांगितलं जातं तेच लिहिणारा माणूस होता. फकीरप्पाने मान आणखी जरा वाकवली.

"कालच," तो म्हणाला. "मी इथंच होतो तेव्हा."

मग तो आत गेला आणि हळद गरम करायला ठेवली.